आयबीएसमुळे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, पोट वारंवार दुखणं-फुगणं आणि शौचाच्या तक्रारींचा विकार) गहू, दूध, कांदा-लसूण, कडधान्यं चार महिने बंद आहेत. परत सुरू कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की पोट आधीपेक्षा शांत आहे, पण ताटात फारसं काही उरलेलं नाही, आणि बंद केलेल्यांपैकी नेमकं काय सोसत नाही हेही कळलेलं नाही. तुम्हाला अर्धीच पद्धत सांगितली गेली आहे. सगळं एकदम बंद करणं हा चाचणीचा पहिला भाग असतो आणि तो दोन ते सहा आठवड्यांत संपवायचा असतो. त्यात फरक पडला नाही, तर तो गुंडाळून दुसरं कारण शोधायचं. तुम्हाला फरक पडलाय, म्हणजे दुसरा भाग करण्यात अर्थ आहे.

त्याआधी एक गोष्ट तपासा. गहू बंद करण्यापूर्वी सीलिअ‍ॅक रोगाची (यात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते) रक्तचाचणी (टीटीजी-आयजीए) झाली होती का? झाली नसेल तर आत्ता करून उपयोग नाही. गहू पोटात नसताना ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून आधी किमान सहा आठवडे रोज, दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणांत गहू खायचा आणि मग रक्त द्यायचं. शौचातून रक्त, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा उतरतं वजन यांतलं काही असेल, तर पथ्याचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांकडे जा. वजन कमी खाल्ल्यामुळेच उतरतंय हा अंदाज घरी बसून करू नका.

आता मूळ मुद्दा. तुम्ही टाळताय त्या पदार्थांना जोडणारा धागा म्हणजे फॉडमॅप. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही कर्बोदकांचं हे एकत्रित नाव. ते 2005 मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं. यातली काही (फ्रुक्टोज, मॅनिटॉल) लहान आतड्यात पाणी ओढतात. काही (गहू, कांदा, लसणातली फ्रुक्टन्स आणि कडधान्यांतली गॅलॅक्टन्स) मोठ्या आतड्यापर्यंत तशीच पोचतात आणि तिथले जिवाणू ती आंबवून वायू करतात. असा वायू निरोगी माणसालाही होतो. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा त्या ताणाला जास्त संवेदनशील असतात, म्हणून दुखतं. त्यामुळे ‘हा पदार्थ मला चालतो का’ असं न विचारता ‘किती चालतो’ असं विचारायचं. बहुतेकांना प्रत्येक गटाची थोडी मात्रा सोसते, आणि दुसऱ्या भागात तीच मात्रा शोधायची असते.

रीत अशी. एका वेळी एकच गट, आणि त्या गटाचा असा पदार्थ की ज्यात दुसऱ्या गटाची भेसळ कमी. तीन दिवस मात्रा वाढवत न्यायची, मग दोन-तीन दिवस विश्रांती. लॅक्टोज, म्हणजे दुधातल्या साखरेसाठी दूध: पहिल्या दिवशी 60 मिली, दुसऱ्या दिवशी 125, तिसऱ्या दिवशी 250. फ्रुक्टोजसाठी मध: एक, दोन, तीन टीस्पून. मॅनिटॉलसाठी बटन मशरूम. गॅलॅक्टन्ससाठी शिजवलेलं कडधान्य: दोन टेबलस्पून, पाव कप, अर्धा कप. गहू, कांदा आणि लसूण तिन्ही एकाच गटातले असले तरी ते वेगवेगळे तपासा, कारण त्यांतलं फ्रुक्टन्सचं प्रमाण आणि आपली खाण्याची मात्रा यांत फार फरक आहे. साधा ब्रेड एक, दोन, तीन स्लाइस. लसूण पाव, अर्धी, एक पाकळी. कांदा एक टेबलस्पूनपासून. सफरचंदावर चाचणी करू नका. त्यात फ्रुक्टोजही आहे आणि सॉर्बिटॉल हा वेगळा फॉडमॅपही, त्रास झाला तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

पहिल्याच दिवशी जोराचा त्रास झाला तर तिथेच थांबा, पोट पूर्ण शांत होऊ द्या आणि काही दिवसांनी निम्म्या मात्रेने पुन्हा करा. नुसता थोडा जास्त वायू झाला, पण दुखलं नाही, तर तो नापासाचा शेरा समजू नका. सगळ्या फेऱ्यांना मिळून सहा ते आठ आठवडे लागतात.

इथे बहुतेकांची गाडी अडते ती उतावीळपणामुळे. दूध चाललं म्हणून लगेच रोज दूध सुरू करतात, पुढच्या आठवड्यात गहू तपासतात आणि पोट फुगलं की गव्हाला दोषी ठरवतात. प्रत्यक्षात दोन्हींची बेरीज भोवलेली असते. म्हणून पास झालेला पदार्थही सगळ्या चाचण्या संपेपर्यंत बाजूलाच ठेवायचा. दुसरी चूक वेळेची. जेवण संपत नाही तोच कळ येऊन शौचाला पळावं लागलं, तर लोक त्या ताटातल्या पदार्थाला धरतात. पण तो अजून जठरातच असतो. मोठ्या आतड्यात पोचायला त्याला साधारण चार तास किंवा त्याहून जास्त लागतात. पोटात अन्न पडताच मोठं आतडं आपोआप हलू लागतं आणि आयबीएसमध्ये ही हालचाल तीव्र असते. मोठं, तेलकट जेवण आणि कॉफी तिला आणखी चेतवतात. तेव्हा डायरीत फक्त पदार्थ लिहू नका. वेळ, मात्रा, झोप आणि ताणही लिहा. पाळीच्या आसपासच्या दिवसांत अनेकींचं पोट एरवीही बिघडतं, त्या दिवसांत नवी चाचणी घेऊ नका.

लसूण नापास झाला तरी त्याची चव सोडावी लागत नाही. फ्रुक्टन्स पाण्यात विरघळतात, तेलात नाहीत. लसणाच्या पाकळ्या तेलात मंद आचेवर परतून पूर्ण काढून टाका आणि ते तेल वापरा. सुपात मात्र ही युक्ती चालत नाही. कांदा गाळून काढला तरी त्रासदायक भाग पाण्यात उतरलेला असतो. घरचं लसूणतेल ताजं करून वापरा, उरलं तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. बाहेर ठेवलेल्या अशा तेलात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकतो आणि ते आयबीएसपेक्षा कितीतरी गंभीर प्रकरण आहे. पाण्यात विरघळण्याचा हाच गुण कडधान्यांच्या बाबतीत आपल्या बाजूने येतो: डब्यातलं कडधान्य पाणी ओतून, धुऊन घेतलं की गॅलॅक्टन्स बरीच कमी होतात. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. हार्ड चीजमध्ये लॅक्टोज जवळपास नसतंच. पाकिटावर ‘हाय फायबर’ लिहिलेलं असेल तर घटकांमध्ये इन्युलिन किंवा चिकोरी रूट शोधा, तेही फ्रुक्टनच.

ग्लूटेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सीलिअ‍ॅक नसेल तर ग्लूटेनच्या मागे लागू नका. गहू बंद करून बरं वाटतं ते बऱ्याचदा फ्रुक्टन्स कमी झाल्यामुळे. म्हणूनच बराच वेळ आंबवलेला सावरडो ब्रेड काहींना चालतो, त्यात आंबवणाऱ्या जिवाणूंनी फ्रुक्टन्स आधीच बरीच खाल्लेली असतात. आणि ‘फूड इनटॉलरन्स’च्या नावाने होणाऱ्या आयजीजी रक्तचाचण्यांवर पैसे घालू नका. आयजीजी हे रक्तातलं प्रतिपिंड त्या पदार्थाशी शरीराची ओळख दाखवतं, त्रास नव्हे.

तंतूंबाबत एवढंच: गव्हाचा कोंडा टाळा, त्याने अनेकांचं पोट जास्त फुगतं. विद्राव्य तंतू, म्हणजे इसबगोल, रोज 3 ग्रॅमपासून सुरू करून काही आठवड्यांत 7 ते 10 ग्रॅमपर्यंत न्या, प्रत्येक वेळी ग्लासभर पाण्यात मिसळून. कोरडं गिळलं तर ते घशात फुगू शकतं. बद्धकोष्ठ असेल तर रोज दोन हिरवी किवी हा सोपा उपाय आहे. पण इसबगोल किंवा किवी चाचण्यांच्या मधेच सुरू करू नका. एकतर आधी बसवून घ्या, नाहीतर नंतर.

शेवटी जे दोन-तीन पदार्थ खरंच जास्त त्रास देतात, तेवढेच कमी ठेवायचे. बाकी सगळं परत ताटात. कडक पथ्य लांबलं की आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया हे उपयुक्त जिवाणू कमी होतात, आणि दूध बंद असेल तर कॅल्शियमही कमी पडू शकतं. नापास झालेल्या पदार्थांची चाचणी काही महिन्यांनी पुन्हा घ्या, सोसण्याची मर्यादा बदलत राहते. पूर्वी खाण्याचा विकार झालेला असेल, वजन आधीच कमी असेल किंवा गरोदरपण असेल तर मात्र हे स्वतःच्या हाताने करू नका, आहारतज्ज्ञाला सोबत घ्या. सुरुवात दुधापासून करा, त्याची मात्रा मोजणं सगळ्यात सोपं आहे.