फुटबॉलमधील बचावपटू वयाच्या चाळिशीपर्यंत सर्वोच्च पातळीवर खेळू शकतो का?

खेळू शकतो, मात्र त्यासाठी त्याला बहुधा मैदानावरील आपली जागा बदलावी लागते. इटलीचे बचावपटू पाओलो माल्दिनी यांनी जानेवारी १९८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, एसी मिलान या इटालियन क्लबकडून पदार्पण केले आणि २००९ मध्ये, चाळिशी पूर्ण झाल्यावर, त्याच क्लबमधून ते निवृत्त झाले. या काळात ते ९०२ सामने खेळले आणि त्यांनी पाच वेळा युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. मुळात उजव्या पायाचे असूनही ते लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, म्हणून नावारूपाला आले, हे विशेष.

लेफ्ट बॅकला मैदानाच्या कडेने सतत वर-खाली धावावे लागते आणि वेगवान विंगरशी, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी, थेट शर्यत लावावी लागते. वय वाढल्यावर सर्वप्रथम हा वेगच कमी होतो. सेंटर बॅकचे, म्हणजे गोलसमोर मध्यभागी खेळणाऱ्या बचावपटूचे, काम तुलनेने कमी अंतरात चालते. प्रतिस्पर्ध्याचा पास कुठे येणार हे आधी ओळखणे, ऑफसाइडची रेषा सांभाळणे (म्हणजे बचावपटूंनी एका ओळीत राहून पुढे घुसलेल्या आक्रमकाला नियमबाह्य ठरवणे) आणि सहकाऱ्यांना सूचना देत राहणे, ही कौशल्ये अनुभवाने वाढतात, त्यामुळे कारकिर्दीच्या उत्तरार्धात माल्दिनी प्रामुख्याने तेथेच खेळले. अर्थात सेंटर बॅकलाही हवेतील चेंडूसाठी धडका सोसाव्या लागतात, आणि गुडघ्याच्या दुखापतींनी खुद्द माल्दिनींनाही सोडले नाही.

चेंडू हिसकावण्यासाठी वारंवार जमिनीवर झोकून देणारा बचावपटू प्रेक्षकांना आवडतो, परंतु माझ्या मते योग्य जागी आधीच उभा राहणाराच अधिक काळ टिकतो.