आई मुद्दाम गोळ्या चुकवते, तिला नियमित गोळ्या कशा द्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ७८, बीपी-शुगरचे डॉक्टर वेगळे, गुडघ्यांचे वेगळे, दिवसाला नऊ गोळ्या, आणि लघवीची गोळी (लघवी वाढवून शरीरातलं पाणी काढणारी) त्या सरळ फेकून देतात. माझं वडोदऱ्यात दांडिया बाजारात मेडिकल आहे. आपल्या भागातली म्हातारी माणसं रोज काउंटरवर येतात, त्यावरून सांगतो: आईंना रागावण्याआधी त्या नऊच्या नऊ गोळ्या त्यांना हव्यात का, ते बघा.

लघवीची गोळी का फेकतात, हे त्यांना विचारलंत का? बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. देवळात जायचं असतं, रिक्षात बसायचं असतं, वाटेत बाथरूम नाही. पण मुळात ती गोळी आली कुठून? तुमच्या यादीत अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम आहे. बीपीच्या या गोळीने पुष्कळांच्या घोट्यांना सूज येते, आणि डोस जास्त असेल तर अधिक. ही सूज शरीरात पाणी साठल्यामुळे नसते, रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे असते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरतही नाही. डोस कमी केला किंवा औषध बदललं की उतरते. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी लागली असण्याची शक्यता आहे. हृदय किंवा किडनीमुळेही सूज येते, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच, पण हा प्रश्न त्यांना विचाराच.

मला जास्त काळजी गुडघ्यांच्या गोळीची वाटते. डायक्लोफेनॅक, सोबत बीपीची टेल्मिसार्टन आणि वर लघवीची गोळी, हे तिन्ही एकत्र म्हाताऱ्या किडनीला फार जड जातं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नसेल, तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, शेवटची कधी केली?

अमेरिकेत मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ साली वृद्धांसाठी शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी केली. ती अजूनही सुधारली जाते, २०२३ मध्येही सुधारली. तुमच्या आईंची झोपेची अल्प्राझोलाम त्यात आहे, कारण तिने तोल जातो, पडणं होतं, विसराळूपणा वाढतो. शुगरची ग्लिमेपिराइडही आहे. ती घेऊन एकादशीला उपास केला तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर आधी साखर द्या, कारण नंतर शोधा. त्या बेशुद्ध असतील तर मात्र तोंडात काही घालू नका, लगेच १०८ ला फोन करा.

पण यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अल्प्राझोलाम एकदम थांबवली तर झोप उडते, जीव घाबरतो, कधी आकडीही येते. ती हळूहळूच कमी करावी लागते.

आता काम असं करा. घरातल्या सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरून बीपीच्या डॉक्टरांकडे न्या. पट्टीवर कंपनीने ठेवलेलं नाव असतं, आणि औषधाचं मूळ नावही असतं. ते वाचलं की एकच औषध दोन नावांनी चाललंय का ते कळतं. आमच्या दुकानात असं कितीदा तरी सापडतं, आणि कोणताही औषधवाला हे पाहून देईल. डॉक्टरांना वेळ नसेल तर सयाजी हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीत दाखवा. प्रत्येक गोळीबद्दल एवढंच विचारा: ही कशासाठी, कधीपर्यंत, आणि कमी करता येईल का?

उरतील त्या गोळ्या आईंच्या दिनक्रमाला जोडा. थायरॉइडची उठल्याउठल्या रिकाम्या पोटी, कॅल्शियम तिच्यानंतर निदान चार तासांनी. लघवीची गोळी ठेवावीच लागली, तर देवळातून आल्यावर चालेल का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. पुष्कळदा चालतं, आणि मग आई ती फेकणार नाहीत.