बारावी शिकलेली समुपदेशक ताई आईचं डिप्रेशन बरं करू शकेल का?

तुमचा प्रश्न असा, की आईला डिप्रेशन निघालंय, मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर जिल्ह्याला जावं लागतं, आणि आरोग्य केंद्रातली समुपदेशक बारावी शिकलेली; तिच्याशी बोलून काय होणार?

बरंच काही होऊ शकतं. तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाहीये, याची रीतसर चाचणी आपल्या शेजारी गोव्यात झाली आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेच्या मंडळींनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्ण घेतले. साधं उदास वाटणारे नव्हेत, चांगलंच डिप्रेशन असलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि वर समुपदेशकाच्या सहा ते आठ बैठका. समुपदेशक गावातलेच, मानसशास्त्राची पदवी नसलेले. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, नुसत्या उपचारांवरचे ३९ टक्के. २०१७ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

आता या बैठकांत करतात काय? 'मन मोकळं करा, हलकं वाटेल' एवढ्यावर भागवत नाहीत. डिप्रेशनमध्ये माणूस एकेक काम सोडत जातो, आणि काम सुटलं की मन आणखी खचतं. समुपदेशक तिथेच हात घालते. आई पूर्वी सकाळी डेअरीवर दूध घालायला जायची, वाटेत चार बायका भेटायच्या, ते बंद झालं असेल, तर ठरवायचं: उद्या सात वाजता डेअरीपर्यंत जायचं, बस. इच्छा होवो न होवो. गेल्यावर कसं वाटलं ते तक्त्यात भरायचं. नाही जमलं तर का नाही जमलं ते पुढच्या बैठकीत बघायचं. ऐकायला फार किरकोळ वाटतं, मलाही वाटलं होतं. पण इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर याच पद्धतीची तुलना प्रशिक्षित थेरपिस्टांच्या सीबीटीशी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलण्यातल्या उपचाराशी केली (२०१६), आणि ही कुठे कमी पडली नाही.

माझ्या मते गोव्यातली खरी मेख वेगळीच होती. समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण देत, चुका काढत. म्हणून ताईंची पदवी विचारू नका. ठरलेली पद्धत वापरता का, तुमचं काम कोण तपासतं, हे विचारा. दोन्हीचं उत्तर गुळमुळीत आलं तर मात्र जिल्ह्याची खेप करा.

चालू गोळ्या यासाठी बंद करू नका. त्या ६४ टक्क्यांबाहेरही माणसं होतीच, तेव्हा दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर तज्ज्ञ हवाच. आणि आई 'जगून काय करू' असं बोलत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, तर वाट बघायची नाही. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.