वडिलांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरच्या गाठीमुळे अडथळा आला आहे; ऑपरेशनऐवजी स्टेंट टाकावा का?

तुम्ही लिहिले आहे की, वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या डाव्या भागातील गाठीने वाट पूर्ण बंद झाली आहे, आजार यकृतातही पसरला आहे आणि डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्टेंट टाकण्यास सुचवले आहे. मी पोटविकारतज्ज्ञ असून हे काम नेहमी करतो. सीटी स्कॅन न पाहता अखेरचे मत देणे योग्य नाही. परंतु परिस्थिती अशीच असेल, तर मीही हाच उपाय सुचवला असता.

हा स्टेंट म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळीदार नळी. गुदद्वारातून दुर्बीण गाठीपर्यंत नेऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, एक बारीक तार अरुंद वाटेतून पलीकडे सरकवतात आणि तिच्यावरून मिटलेला स्टेंट नेऊन सोडतात. तो एक-दोन दिवसांत हळूहळू २० ते २५ मिलिमीटरपर्यंत उघडतो. मात्र पुष्कळदा रुग्ण टेबलावर असतानाच तुंबलेला वायू आणि पातळ मळ जोराने बाहेर येतो, आणि नगाऱ्यासारखे ताणलेले पोट हाताखाली मऊ पडत जाते.

स्टेंटने कॅन्सर बरा होत नाही, हे घरातील सर्वांना आधीच समजलेले बरे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्याचा लाभ असा की, मोठे ऑपरेशन आणि मळ बाहेर काढण्यासाठी पोटावर लावावी लागणारी पिशवी बहुधा टळते व केमोथेरपी लवकर सुरू करता येते. आजार पसरलेला नसता, तर निर्णय अधिक कठीण होता. ऑपरेशनपूर्वी तात्पुरता स्टेंट टाकावा की नाही, यावर नेदरलँड्समधील एक चाचणी स्टेंट टाकलेल्या रुग्णांत पहिल्या महिन्यातील गुंतागुंत जास्त दिसल्याने मध्येच थांबवावी लागली. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील क्रेस्ट चाचणीत मात्र स्टेंटमुळे पिशवीचे प्रमाण घटले आणि तीन वर्षांनंतरच्या जगण्यात फरक आढळला नाही.

सर्वांत मोठा धोका आतड्याला छिद्र पडण्याचा आहे. ते झाल्यास तातडीने ऑपरेशन करावे लागते. बेव्हॅसिझुमॅब या औषधाने तो वाढतो, म्हणून ते चालू आहे किंवा देण्याचा विचार आहे का, हे कॅन्सरतज्ज्ञांना स्टेंट टाकण्यापूर्वीच विचारा. पोटाच्या पोकळीतील अस्तरावर आजार पसरून आतडे अनेक ठिकाणी आवळले गेले असेल, तर एका स्टेंटने भागत नाही, हेही स्कॅन पाहून विचारून घ्या.

एक कळकळीची विनंती: आतडे बंद असताना एरंडेल, इसबगोल किंवा कोणतेही जुलाबाचे औषध घरच्या घरी देऊ नका, पुढे वाट नसताना आतील दाब वाढून आतडे फुटू शकते. स्टेंटनंतरही पालेभाज्या, मक्याचे दाणे, शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडी टाळाव्यात. मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, ताक चालते, आणि मळ पातळ ठेवणारे औषध डॉक्टर देतील ते नियमित घ्यावे. गाठ जाळीतून आत वाढून किंवा स्टेंट सरकून वाट पुन्हा बंद होऊ शकते; म्हणून पोट फुगले, उलट्या झाल्या, ताप आला किंवा तीव्र कळ उठली, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता त्यांना इस्पितळात न्या.