‘प्लीज रिव्हर्ट’ लिहावं की नाही?

तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसात सगळेच मेलच्या शेवटी ‘कृपया उत्तर द्या’ या अर्थाने ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितात, लंडनच्या मॅनेजरने मात्र ते चूक ठरवलं. बरोबर कोण, असं विचारलंय. मॅनेजर बरोबर, पण त्याच्या गावापुरता.

लॅटिनमध्ये ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणं. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तो पूर्वस्थितीला, मूळ मालकाकडे किंवा आधीच्या विषयाकडे परतण्याच्या अर्थाने. भाडेपट्टा संपला की जमीन मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. सोडलेली सिगारेट पुन्हा धरणाराही रिव्हर्टच होतो. पत्राला उत्तर देणं यात कुठेच नाही. गंमत म्हणजे हे ‘व्हर्त’ आपल्याला परकं नाही, संस्कृतातला ‘वृत्’ धातू त्याचा सख्खा भाऊ. वर्तुळ, निवृत्ती, परावर्तन, झालंच तर खडकवासल्याच्या कालव्याला सुटणारं आवर्तन, सगळी त्याच घरातली मंडळी.

मग उत्तराचा अर्थ कुठून चिकटला? माझा आपला तर्क सांगतो. ‘विषयाकडे परत येणं’ इंग्रजीत होतंच. तिथून ‘परत येऊन कळवतो’ हे एकच पाऊल. आणि आपल्या कानाला ते खटकलं नाही, कारण ‘उलट टपाली कळवावे’ लिहिण्यात आपल्या पिढ्या गेल्या. सिंगापूर-मलेशियातही हा अर्थ सर्रास चालतो, शब्दकोशांनीही तो ‘भारतीय इंग्रजी’ असा शिक्का मारून घरात घेतलाय. तेव्हा अडाणीपणा वगैरे काही नाही.

खरी भानगड सॉफ्टवेअरवाल्यांची. तिथे रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. आमच्या टीमला एकदा मेल आला, ‘अमुक बदलाबद्दल संध्याकाळपर्यंत रिव्हर्ट करा’. पाठवणाऱ्याला हवं होतं मत. नव्या पोराने इमानदारीत बदलच काढून टाकला. शुक्रवारची रात्र तो परत चढवण्यात गेली.

तेव्हापासून मी परदेशी मेलमध्ये सरळ ‘रिप्लाय’ लिहितो. आपापसात ‘त्यांचा रिव्हर्ट आला का?’ खुशाल विचारतो. क्रियापदाचं नाम करून टाकलंय हे त्या मॅनेजरला सांगू नका म्हणजे झालं. ‘रिव्हर्ट बॅक’ मात्र कुठेच नको. ‘मागे’ त्या शब्दाच्या पोटातच आहे, वर ‘बॅक’ लावलं की झाला पिवळा पीतांबर.