तीन शब्दांत पत्ता सांगणारी अ‍ॅप्स रोजच्या वापरात आणि अडीअडचणीला खरंच कामाला येतात का?

या विषयावर पत्ता पाठवणारे भरपूर बोलतात, पत्ता शोधणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून लिहितोय. मी लॅबसाठी घरोघरी जाऊन सॅम्पल घेतो, ऐरोलीपासून खारघरपर्यंत आणि अधूनमधून ठाण्यात घोडबंदर रोडला. पहिला पेशंट सकाळी सहाचा, फास्टिंगचा. रात्रीपासून पोटात काही नाही, चहासुद्धा नाही, त्यात मी गल्ली चुकून उशिरा पोचलो की सगळा राग माझ्यावर.

तुम्ही लिहिलंय की आईवडील नवी मुंबईत दोघंच असतात, रात्री-अपरात्री काही झालं तर पत्ता झटकन सांगता यावा म्हणून व्हॉटथ्रीवर्ड्ससारखं अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये टाकून द्यावं का. द्या की टाकून. फुकट आहे. पण भिस्त त्यावर ठेवू नका. का ते सांगायचं तर आमच्या साडूंबद्दल सांगावं लागेल.

साडू सॉफ्टवेअरमध्ये आहेत. घोडबंदरला टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीच्या आमंत्रणात पत्त्याच्या जागी नुसते तीन शब्द. गावाहून आलेली माणसं रिक्षावाल्यांना विचारत विचारत पोचली आणि साडू पंगतीत मठ्ठा वाढता वाढता सगळ्यांना समजावत होते: लंडनच्या ख्रिस शेल्ड्रिक नावाच्या माणसाचे संगीताचे कार्यक्रम असायचे, सामानाच्या गाड्या दरवेळी भलतीकडेच जायच्या, त्या वैतागातून २०१३ मध्ये हे निघालं. अख्ख्या पृथ्वीचे तीन मीटर बाय तीन मीटरचे ५७ लाख कोटी चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला तीन शब्द. मराठीतसुद्धा आहेत. नेट नसलं तरी शब्द मिळतात. हे सगळं खरंच आहे आणि डोकं लावून केलेलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. मी फक्त विचारलं, "एकोणिसाव्या मजल्याचे शब्द वेगळे आणि खालच्या पार्किंगचे वेगळे का?" वेगळे नाहीत. चौकोन जमिनीवरचा, त्यावर जितके मजले चढवाल त्या सगळ्यांना तेच तीन शब्द. त्यावर साडू म्हणाले, "मजला काय, कोणीही विचारून घेईल." बरं.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई त्यांच्याकडे राहायला होत्या. रात्री अकराच्या पुढे बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. साडूंनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि ड्रायव्हरला तीन शब्द सांगितले. तो म्हणाला, "साहेब, ते राहू द्या, जवळ काय आहे ते सांगा." साडूंनी लिंक पाठवली. त्याने बिचाऱ्याने उघडली आणि मॅप नेईल तसा गेला. मॅपने त्याला आणलं सोसायटीच्या मागच्या अंगाला, नाल्याकडच्या गल्लीत. तिथे गेट आहे, पण दहा वाजता कुलूप लागतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी झोपलेले, फोन सायलेंटवर. वरून बाल्कनीतून अ‍ॅम्ब्युलन्सचा निळा दिवा फिरताना दिसतोय, सासूबाई ओल्या लादीवर तशाच पडलेल्या, आणि गाडी भिंतीपलीकडे उभी. चौकोन बरोबर होता. साडू आजही हेच सांगतात, की चौकोन बरोबर होता.

तेवढ्यात मोठ्या मेव्हणीने मला फोन लावला, कारण ते सगळे रस्ते मी रोज तुडवतो हे तिला माहीत. ड्रायव्हरचा नंबर घेतला आणि त्याला सांगितलं: गल्लीतून उलटा बाहेर ये, हायवेला लाग, मेट्रोचे पत्रे जिथे संपतात तिथे यू-टर्न मार, मग डाव्या हाताला मेडिकल, त्याला लागून चढ, चढावर वॉचमनची केबिन. तो कट चुकला की पुढच्या सिग्नलपर्यंत गेल्याशिवाय वळता येत नाही, हे घोडबंदरला राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मेव्हणीला म्हटलं, वॉचमनला टॉर्च देऊन चढाच्या तोंडाशी उभा कर आणि दुसऱ्याला सांग सर्व्हिस लिफ्ट चालू करून खाली धरून ठेव. त्या टॉवरमध्ये स्ट्रेचर आडवं जाईल अशी तेवढी एकच लिफ्ट आहे आणि ती रात्री बंद ठेवतात. माझ्यासारखा माणूस बॅग घेऊन कुठल्याही लिफ्टने जातो, पण अशा गोष्टी डोक्यात राहतात. सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं, आता वॉकर घेऊन चालतात.

यावर साडूंचं पेटंट उत्तर म्हणजे इंग्लंड. २०१९ मध्ये डरहॅमजवळच्या हॅमस्टर्ली जंगलात काही माणसं रात्री वाट चुकली, पोलिसांनी फोनवरच त्यांना हे अ‍ॅप उतरवून घ्यायला लावलं, शब्द विचारले आणि शोधून काढलं. अगदी खरं आहे. पण साडूसाहेब, तिथे कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला हे शब्द काय आहेत ते ठाऊक होतं. तुमच्या ड्रायव्हरला तुम्ही रात्री अकरा वाजता शिकवायला बसलात. आणि जंगलात गेट नसतं, सेक्रेटरी तर नसतोच. त्याच इंग्लंडात २०२१ मध्ये अँड्र्यू टिअर्नी या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिलंय की कानाला जवळजवळ सारखेच वाटणारे पत्ते कधीकधी फार लांब नसतात, नदीच्या एका काठाचा दुसऱ्या काठाला होऊ शकतो. घाबरलेला माणूस फोनवर बोलतोय, मागे पाऊस कोसळतोय, तेव्हा एखादं अक्षर इकडचं तिकडे व्हायला कितीसा वेळ लागतो?

आणखी एक. उंच इमारतींच्या बेचक्यात जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे मॅपवरचा निळा ठिपका सरकतो. तो शेजारच्या सोसायटीत सरकला असेल तर अ‍ॅप त्या सोसायटीचे तीन शब्द तितक्याच ठामपणे देतं. लोक तेच कॉपी करून मला पाठवतात आणि वर विचारतात, "लोकेशन दिलं होतं ना?"

तुमच्या नवी मुंबईचं दुखणं तर निराळंच. सिडकोने सगळं आखून-रेखून वसवलं, पण सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या प्रत्येक भागात, पुन्हा एकपासून. सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, कोपरखैरण्यात आहे, खारघरमध्येही आहे. लोक फॉर्मवर लिहितात "सेक्टर १०, नवी मुंबई" आणि खुशाल झोपतात. आईवडिलांना पहिली सवय ही लावा की आधी नोड, मग सेक्टर, मग सोसायटी. घणसोली किंवा कोपरखैरणे गावठाणात राहत असतील तर तेही पुरत नाही. तिथे इमारती इतक्या चिकटून की ठिपका तीन मीटरचा असला तरी जिना तीन इमारतींपैकी कुठला ते कळत नाही. तिथे माणूसच नाक्यावर येऊन उभा राहायला हवा.

बाकी करायचं ते फार नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात नोडसकट पूर्ण पत्ता, रात्री कुठलं गेट उघडं असतं, विंग, मजला, मोठी लिफ्ट कुठली, वॉचमनचा आणि शेजाऱ्यांचा नंबर, ११२ आणि १०८. तो कागद फ्रिजवर चिकटवा. तोच मजकूर दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेव्ह करा. लोकेशन पाठवायचंच असेल तर घरात बसून निळा ठिपका पाठवू नका. मॅपवर गेटवर बोट दाबून धरा, पिन पडेल, ती पाठवा. तीन शब्दच आवडत असतील तर तेही गेटच्या चौकोनाचे घ्या.

कोड हवाच असेल तर टपाल खात्याचं डिजिपिन बघा. २०२५ मध्ये आलंय, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीने केलेलं, दहा अक्षरं-आकडे, चौकोन साधारण चार मीटरचा. निदान ते कुणा कंपनीच्या मालकीचं नाही. गूगल मॅपमधला प्लस कोडही सगळ्यांना खुला आहे. आपल्याकडे पिनकोड आणला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, १५ ऑगस्ट १९७२ ला. ते संस्कृतचे कवी होते, तरी पत्त्यासाठी त्यांनी शब्द न घेता सहा आकडे घेतले. हेसुद्धा साडूंना सांगून झालंय.

हां, एक राहिलं, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी लिहितो. जिथे पत्ताच नाही तिथे हे अ‍ॅप सोन्यासारखं आहे. येऊरच्या जंगलात पाय मुरगळला, खारघरच्या डोंगरात धुकं उतरलं, तर "झाडाजवळ आहे" म्हणण्यापेक्षा तीन शब्द लाख पटीने बरे, अर्थात ऐकणाऱ्याकडे ते उघडायची सोय असेल तर. नसेल तर सरळ अक्षांश-रेखांश वाचून दाखवा, फोनमध्ये तेही दिसतात. हायवेला किलोमीटरचा दगड बघा. कळवा-मुंब्र्याच्या मध्ये गाडी अडकली तर रुळांशेजारच्या विजेच्या खांबावरचा नंबर सांगा. रेल्वेवाल्यांना त्यावरून नेमकी जागा कळते.

आणि साडूसाहेब, तुम्ही ही साइट वाचता हे मला माहीत आहे. मागच्या गेटची एक किल्ली रात्री वॉचमनकडे ठेवायची, एवढा ठराव येत्या मीटिंगमध्ये पास करून घ्या. गेल्या वेळी "सिक्युरिटी इश्यू" म्हणून विरोधात हात वर करणाऱ्यांत तुम्हीही होतात असं मेव्हणी म्हणत होती.