वाचक विचारतात : डाउनहिल सायकल हलकी करायचीय, पण खिसा आधीच हलका आहे

प्रश्न : दादा, मी सेकंडहँड डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून खाली सुटायची सायकल, घेतलीय. २७.५ इंची चाकं, अल्युमिनियमची फ्रेम, पुढे-मागे २०० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबायची जागा), दोन्हीकडे कॉइल (धातूची स्प्रिंग). ताणकाट्याला लटकवली तर १८.४ किलो भरली! मला ती १५ वर आणायचीय. मित्र म्हणतो कार्बन रिम टाक आणि सगळे बोल्ट टायटॅनियमचे कर, पण त्या हिशोबात अख्खी सायकल परत एकदा विकत घेतल्यासारखं होतंय. सुरुवात कुठून करू? (आणि मला अरे-तुरेच करा, अहो-जाहो केलं की मुख्याध्यापकांसमोर उभं असल्यासारखं वाटतं.)

उत्तर : बरं, अरे-तुरे. मित्राचं ऐकू नकोस, निदान आत्ता तरी नको. टायटॅनियमचे बोल्ट म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, सगळ्या सायकलीचे बदलून शंभर ग्रॅम सुटले तरी नशीब समज.

आधी एक किस्सा सांगतो, म्हणजे पुढचं सगळं पटेल. ऑस्ट्रियात लिओगांग म्हणून ठिकाण आहे, तिथे डाउनहिलचा वर्ल्डकप होतो. २०१४ ला तिथे अमेरिकन रेसर एरन ग्विनचं मागचं टायर गेलं, खाली येईपर्यंत टायर रिमवरून निघालंच, आणि गडी नुसत्या रिमवर उतरला. बघायला भारी होतं पण रेस अर्थातच गेली. पुढच्या वर्षी, २०१५ ला, त्याच ट्रॅकवर त्याच माणसाची स्टार्टलाच चेन तुटली, एकही पेडल न मारता खाली आला आणि जिंकला! डाउनहिलला चेन नसली तरी निभावतं, टायर नसलं की संपलं. तुझं वजन कुठून काढायचं आणि कुठे हात लावायचा नाही हे यातच आलं बघ.

आता कामाला लाग. एक वही घे आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घे, जो पार्ट सुटेल तो तोलून लिहून ठेव. कंपनीने छापलेल्या वजनावर जाऊ नकोस, मी एकाच मॉडेलची दोन टायर तोललीत, एकाच दिवशी आणलेली, दोघांत ९० ग्रॅमचा फरक निघाला. छापलेलं पूर्ण सायकलचं वजन तर बहुतेक वेळा पेडलशिवायचं असतं.

सगळ्यात स्वस्त वजन तुझ्या टायरच्या आत आहे. जुन्या डाउनहिल सायकलीत जाड ट्यूब असतात, एकेक ३५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून ७०० ग्रॅम रबर नुसतं हवा धरून बसलंय. ट्यूबलेस कर. टेप, व्हॉल्व्ह आणि चाकामागे शंभर मिली सीलंट (बारीक भोकं बुजवणारा द्रव) धरलं तरी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास निव्वळ सुटतात, शिवाय रिम आणि दगडात ट्यूब चिमटून होणारं पंक्चर बंद. टेप लावताना घाई करू नकोस, रिम स्पिरिटने पुसून घे, टेप ताणून लाव आणि व्हॉल्व्हचं भोक सुरीने चिरू नकोस, टोकदार काहीतरी तापवून पाड, चिरलेली टेप पुढे फाटत जाते आणि मग सगळं सीलंट चाकाच्या तारांच्या भोकांतून टपटपत बसतं.

मग कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा. खाली जाताना ३६ दात्यांची चकती कशाला हवीय तुला? तुझी सायकल १०-स्पीड असेल तर रोड सायकलची ११-२५ किंवा १२-२८ ची १०-स्पीड कॅसेट त्याच फ्रीहबवर (चाकाचा जो भाग कॅसेट धरतो त्यावर) बसते, फक्त मागे १ मिमीचा स्पेसर बऱ्याचदा लागतो. दीड-दोनशे ग्रॅम इथे सुटतात. ११-स्पीड रोडची मात्र उचलून आणू नकोस, तिच्यासाठी फ्रीहबची बॉडी १.८५ मिमी लांब लागते, घरी आल्यावर कळतं की कॅसेट आवळून धरणारं लॉकरिंग घट्टच होत नाहीये. आणि ज्यांना नवीन कॅसेटचाही खर्च नको त्यांच्यासाठी जुगाड सांगतो, स्वस्तातल्या कॅसेटच्या चकत्या दोन-तीन बारीक रिवेटने धरलेल्या असतात, त्या रिवेट कानशीने घासून काढल्या की चकत्या सुट्या होतात, मोठ्या तीन बाजूला ठेव, त्यांच्या जागी आतल्या बाजूला स्पेसर भर, गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा लिमिट स्क्रू (चेन किती आत जाईल ते अडवणारा) आवळ, झाली ७-स्पीड. रेसिंगवाल्यांच्या महागड्या डाउनहिल कॅसेटही ७-स्पीडच असतात, तुझी फक्त थोडी गावठी दिसेल.

चकत्या लहान झाल्या की चेनही छोटी करावी लागते, आणि इथे मी एकदा चांगलाच आपटलोय म्हणून जरा सविस्तर. चेनची लांबी सायकल नुसती उभी करून मोजायची नाही. मागच्या शॉकची स्प्रिंग काढ, मागचं चाक हाताने पूर्ण वर ढकल, सस्पेन्शन तळाला टेकलं की बहुतेक फ्रेमवर मागचा एक्सल क्रँकपासून लांब जातो आणि चेनला जास्त लांबी लागते. त्या अवस्थेत सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन लपेटून मग जोड ठरव. मी हे न करता दोन कड्या जास्तच काढल्या होत्या, गॅरेजमध्ये सगळं मख्खन चाललं, पहिल्याच मोठ्या ड्रॉपला कडाड आवाज आला आणि डिरेलर हँगरसकट (त्याला फ्रेमशी धरणाऱ्या पट्टीसकट) चाकाच्या तारांत. वाचवले किती, तर साडेचार ग्रॅम.

बाकीचं पटापट. अल्युमिनियमची जाड पेडल असतील तर नायलॉनची घे, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मिळतात आणि स्वस्तही असतात, हलकं आणि स्वस्त एकाच वेळी असण्याची सायकलच्या दुनियेतली ही दुर्मीळ जागा. सीट तू तशीही खाली बसवूनच चालवतोस, मग सीटपोस्टचा खालचा निम्मा दांडा फ्रेमच्या आत उगाच लोंबतोय, पण कापायच्या आधी फ्रेमवाल्याने किमान किती आत असायला सांगितलंय ते बघ आणि त्यापेक्षा वर जाऊ नकोस. कापायच्या जागी होज क्लॅम्प आवळून त्याच्या कडेने करवत चालव, काप सरळ येतो, नंतर कानस मार नाहीतर फ्रेम आतून खरवडते. जाड सीट बदलली तर दोन्ही मिळून दोनशे ग्रॅम. जुनं दोन रोलरवालं, चेन निसटू न देणारं चेनगाइड असेल तर नॅरो-वाइड चेनरिंग (चेन घट्ट धरणारी पेडलकडची चकती), वरचं छोटं गाइड आणि खाली लहान बॅशगार्ड (चकतीला दगडापासून वाचवणारं कवच), शंभर-सव्वाशे त्यातून. जुनाट जड हँडल आणि स्टेम असेल तर अजून शंभरेक, पण सेकंडहँड कार्बन हँडल फुकट दिलं तरी घेऊ नकोस, आधीच्याने ते किती वेळा आपटलंय हे त्या हँडललाच ठाऊक.

एवढ्यात साधारण बाराशे ग्रॅम होतात, म्हणजे तू १७.२ वर आलास आणि मोठा खर्च अजून झालेलाच नाहीये. पुढे मागच्या शॉकला तुझ्या वजनाची योग्य स्प्रिंग घ्यावीच लागणार, तर ती हलक्या स्टीलची घे, शंभरेक ग्रॅम तिथे. पुढच्या फोर्कला एअरचं (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारं) किट मिळत असेल तर अडीच-तीनशे. चाकं शेवटी, कारण पैसा तिथे जातो, जुन्या ३६ तारांच्या जड रिंगा काढून ३२ तारांच्या पाचशे-सव्वापाचशे ग्रॅमच्या चांगल्या अल्युमिनियम रिमवर मधे बारीक असलेल्या २.०/१.८ च्या तारा विणून घेतल्या तर मिळून साडेचारशे जातात. साधारण १६.४ झाली. इथे थांब. पुढचे १४०० ग्रॅम फक्त कार्बन फ्रेममध्ये आहेत आणि ते तुझ्या बजेटमध्ये नाहीत, माझ्याही नव्हते.

प्रश्न : डाउनहिल टायर १३०० ग्रॅमचं आणि तेच टायर ट्रेल केसिंगमध्ये (साध्या डोंगरवाटांसाठीच्या पातळ बांधणीत) १००० ग्रॅमचं. दोन्ही मिळून सरळ ६०० ग्रॅम वाचतात आणि तेही फिरणारं वजन. सगळेजण याच्या विरोधात का असतात? – एक वाचक

उत्तर : कारण सगळ्यांनी करून बघितलंय. मीपण बघितलंय! हलकं केसिंग टाकलं, पहिला तास असं वाटलं की सायकलला पंख फुटले, आणि दुसऱ्या तासाला दगडांच्या पट्ट्यात मागे 'टंग' असा आवाज आला. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. रिमच्या कडेला अंगठा बसेल एवढा पोचा, सीलंट पायावर, आणि सायकल खांद्यावर घेऊन उतार चालत.

डाउनहिल केसिंगमध्ये कापडाचे दोन थर असतात, टायरची बाजू त्यानेच जाड होते. कमी हवेत टायर वाकडं न होता रिमवर बसून राहतं ते या जाडीमुळे. मी ट्यूबलेसवर पुढे २३-२५ आणि मागे २६-२८ पीएसआय हवा ठेवतो, वजनानुसार थोडं इकडेतिकडे. ट्रेल टायरमध्ये रिम वाचवायला तुम्ही हवा वाढवणार, हवा वाढली की पकड गेली, आणि पकड गेली की ते ६०० ग्रॅम घेऊन करायचं काय? अगदीच हात शिवशिवत असतील तर पुढच्या चाकाला मधल्या जाडीचं केसिंग टाका, पुढच्यावर आदळआपट कमी असते. मागचं पूर्ण डाउनहिलचंच हवं.

अजून एक, हलकी म्हणजे वेगवान असं उतारावर सरळ गणित नसतं. वर्ल्डकपमधल्या काही रेसरांनी बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा दांडा फ्रेममध्ये बसतो तिथे) मुद्दाम वजनं लावलेली आहेत, सायकल खाली दबून शांत चालावी म्हणून. तुम्ही लावा असं मी म्हणत नाहीये. पण वजन चाकाकडे आहे की मधे खाली आहे याने फरक पडतो, एकूण आकडा किती याने तेवढा नाही.

प्रश्न : डबल क्राउन फोर्क (दोन्ही पाय वर दोन ठिकाणी जोडलेला) काढून १८० मिमीचा सिंगल क्राउन (एकाच ठिकाणी जोडलेला) टाकला तर? अर्धा किलो तरी कमी होईल.

उत्तर : होईल. पण पुढची बाजू वीसेक मिमी खाली येईल, तेवढ्याने हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) साधारण एक डिग्री उभा होतो आणि तीव्र उतारावर तो एक डिग्री चांगलाच जाणवतो. आधी फ्रेम बनवणाऱ्याची परवानगी आहे का बघा. आणि फोर्क विकून फोर्क घेण्यात जो तोटा होतो तेवढ्यात आहे त्या फोर्कची पूर्ण सर्व्हिस होते, जी तुम्ही केलेली नाहीये असं मला का कोण जाणे वाटतंय. फोर्कच्या खालच्या पायांमधलं तेल दर ५० तासांनी बदलायचं असतं.

प्रश्न : भाऊ, मला सायकलमधलं काही कळत नाही. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, सायकलचा एकेक पार्ट काढून माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो आणि वहीत लिहितो. आता म्हणतो डिस्कचे बोल्ट अल्युमिनियमचे आणणार आणि मागची ब्रेकची डिस्क लहान करणार, म्हणजे वजन कमी होईल. हलकी केलेली सायकल मोडत नाही ना? – एक आई

उत्तर : ताई, वही लिहितोय म्हणजे पोरगा वाया गेलेला नाही. काट्याचं दुःख मात्र समजू शकतो, आमच्या घरीही याच विषयावर एकदा बोलाचाली झालेली आहे.

त्याला माझ्याकडून सांगा, डिस्कचे बोल्ट स्टीलचेच राहणार, विषय संपला. बारा बोल्टांत वाचतात किती, तर दहा-पंधरा ग्रॅम, आणि ब्रेक मारल्यावर सगळा झटका त्या बारक्या बोल्टांवरच येतो. अल्युमिनियमचे बोल्ट केबलच्या क्लिपांना लाव म्हणावं, तिथे काही गेलं तरी कुणाचे दात जात नाहीत. डिस्क पुढे २०३ मिमीच हवी. मागे १८० चालू शकते जर तो हलक्या वजनाचा असेल आणि उतार लांबलचक नसतील, पण लांब उतारावर लहान डिस्क लवकर तापते, ब्रेकचा दम जातो, म्हणून मी तरी २०३ ठेवली असती.

सायकल हलकी केल्याने मोडत नाही, चुकीच्या जागी हलकी केली तर मोडते. दर रविवारी त्याला चिंधीने फ्रेम पुसायला लावा, चकाचक दिसावी म्हणून नाही, पुसताना हँडलखालच्या हेडट्यूबच्या मागचे आणि शॉक जिथे बसतो तिथले वेल्डिंगचे जोड नखाने चाचपायचे, केसासारखी रेघ दिसली किंवा रंगाला सुरकुती आली तर सायकल त्याच दिवशी उभी करायची. बोल्टच्या नादात वाचवलेल्या पैशाचं आधी हनुवटीही झाकणारं फुलफेस हेल्मेट बघा, त्याच्याकडे असेल तर पाडापाडीत एकदा जोरात आपटलंय का ते विचारा, आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं असतं. तो खरं सांगणार नाही, हेल्मेटच्या मागच्या बाजूचे ओरखडे सांगतील.

आणि काटा परत घ्या. सायकलवाल्याला पुरेसा होईल असा ग्रॅमचा दुसरा काटा स्वस्तात मिळतो, ताणकाट्यावर मात्र अख्खी सायकल एकदाच शेवटी लटकवायची, रोज रोज नाही.